आद्रियानपंतांची दहा माणसं

माझी मुलगी पहिलीत असताना वर्गात सांगून आली, "माय मदर इज मेकिंग अ स्टेडियम." दुसऱ्या दिवशी तिच्या टीचरनी मला शाळेच्या गेटवर गाठलं आणि मोठ्या आदराने विचारलं, आपण आर्किटेक्ट का? मी म्हटलं, नाही, मी डॉक्युमेंट कंट्रोलर. आदर तिथल्या तिथे ओसरला. टीचरना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही तेव्हा कतारमध्ये होतो. माझे यजमान रास लफानला गॅसच्या प्लांटवर शिफ्ट ड्यूटी करायचे आणि मुऐदर भागातल्या आमच्या घरी कोणी नाशिकचं पाहुणं आलं की माझ्याबद्दल "ही फायलींमध्ये असते" एवढंच सांगायचे. जणू मला कोणीतरी पंच करून लावून ठेवलेलं आहे.

तेव्हा आधी आमचा धंदा समजावून सांगते. स्टेडियम दोनदा बांधलं जातं, एकदा काँक्रीटमध्ये आणि एकदा कागदावर. काँक्रीटचं काम हजारो माणसं करतात. कागदाचं काम साइटच्या पोर्टाकेबिनमध्ये, एसीच्या गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवून, आम्ही चार जण करत होतो. आलेल्या प्रत्येक पत्राला नंबर द्यायचा, प्रत्येक ड्रॉइंगची नवी आवृत्ती नोंदवायची, जुनीवर "रद्द" मारायचं आणि कोणत्या मिनिटाला कोणी काय दिलं हे रजिस्टरमध्ये लिहायचं. खेळाडूंच्या टॉयलेटच्या एका दाराचं ड्रॉइंग माझ्याकडे सतरा वेळा आलं. दार तेच होतं. कधी ते आत उघडायचं, कधी बाहेर, एका आवृत्तीत तर ते भिंतीतच उघडत होतं आणि त्यावर तीन इंजिनियरांच्या सह्या होत्या.

माझ्याकडे एक लाल शिक्का होता. नंबर चुकला, फॉर्म जुना निघाला, सही निळ्या शाईऐवजी पेन्सिलीने केलेली दिसली की तो शिक्का मारून मी कागद परत करायची. रजिस्टर तीनला बंद व्हायचं. एकदा क्लायंटकडचा, म्हणजे स्टेडियम बांधून घेणाऱ्यांचा, माणूस तीन वाजून दोन मिनिटांनी धापा टाकत आला, त्याला मी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि उद्या सकाळी या म्हटलं. साइटवर मला माझ्या पाठीमागे "रिजेक्ट मॅडम" म्हणत. हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटायचं.

आमच्याच केबिनच्या दुसऱ्या टोकाला मार्टेनसाहेब बसत. ते बेल्जियमचे, वकील, आमच्या कंपनीच्या क्लेम विभागाचे प्रमुख. क्लेम म्हणजे काय, तर काम उशिरा झालं की उशीर कोणामुळे झाला याचं भांडण. ते आरडाओरडा करून भांडायचं नसतं, पत्राने भांडायचं असतं. "आपल्या दिनांक अमुकच्या पत्राचा आदर राखून" अशी सुरुवात करून समोरच्याची पार चंपी करायची, ही मार्टेनसाहेबांची कला. त्यासाठी त्यांना पुरावे लागत, आणि पुरावे माझ्या कपाटात असत. म्हणून त्या साइटवर मला मान देणारे ते पहिले गृहस्थ. त्यांच्या कार्डावर नावाच्या आधी एक सरदारकीची पदवी छापलेली होती. मी विचारलं तर म्हणाले, आमच्या घराण्याची सातआठशे वर्षांची आहे. आता घराण्याकडे काय उरलंय, तर एक बुरूज. तोही चुलतभावाच्या ताब्यात, आणि चुलतभाऊ कबुतरांच्या ताब्यात. अशी माणसं आपल्याकडे इनामदारांच्या घरांत मी पाहिली आहेत. पदवी शाबूत आणि छप्पर गळकं.

कतारमध्ये उन्हाळ्यात साडेअकरा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असे. क्रेन थांबायच्या, माणसं सावलीत आडवी व्हायची, गेटवरचा वर्ल्ड कपला उरलेले दिवस दाखवणारा बोर्ड तेवढा जागा. या वेळात मार्टेनसाहेब मला त्यांच्या एका पूर्वजाचं चरित्र सांगत आणि मी ते टाइप करत असे. त्यांना ते छापून पुतण्यांना द्यायचं होतं. पुतण्यांना ते नको होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी हो का म्हटलं, तर त्यांच्याकडे कॉफी फार चांगली असायची. पूर्वजाचं नाव आद्रियान. साडेचारशे वर्षांपूर्वीचा फ्लँडर्समधला सरदार आणि कायदेपंडित. चारपाच दिवसांत मी त्याला आद्रियानपंत म्हणायला लागले. पंत म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर मार्टेनसाहेबांनी ते पहिल्या पानावर घालायला लावलं.

आद्रियानपंत तिसरा मुलगा. थोरल्याला बुरूज मिळाला, मधल्याला चर्चमध्ये जागा मिळाली, याला एक म्हातारा घोडा आणि घराण्याचं नाव. तो कायदा शिकला आणि कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. सरदार मंडळींनी नाकं मुरडली, पण पंतांच्या अंगावरचे कपडे त्यानंतर एकदम सुधारले असं चित्रांवरून दिसतं. पुढे मेखेलेनच्या मोठ्या न्यायालयात वकील, मग न्यायाधीश. लाल झगा घातलेलं त्याचं चित्र मार्टेनसाहेबांच्या फोनमध्ये होतं. नाक हुबेहूब मार्टेनसाहेबांचं. म्हणजे साडेचारशे वर्षांत घराण्याने बुरूज सांभाळला नाही, पण नाक सांभाळलं.

त्याच्या आयुष्यातलं मोठं काम वेगळंच होतं. त्या काळी तिथे गावोगावचे रिवाज हाच कायदा, आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. मेलेल्या माणसाची गाय कोणाची, बांधावरच्या झाडाची फळं कोणी खायची, विधवेने घरात किती दिवस राहायचं, सगळं तोंडी. बादशहाचा हुकूम निघाला की सगळे रिवाज लिहून काढा. आद्रियानपंत घोड्यावर बसून निघाला तो बारा वर्षं हिंडत होता. रिवाज खरा की खोटा हे ठरवायची पद्धत मात्र फार मजेशीर. एका माणसाने सांगून चालत नसे. गावातली दहा जाणती माणसं बोलवायची, त्यांना शपथ द्यायची, एका खोलीत बसवायचं. त्यांनी आपसात ठरवायचं आणि मग बाहेर येऊन एकाने सगळ्यांच्या वतीने बोलायचं. दहा माणसं मिळून एक साक्षीदार. नऊ झाली तर साक्षीदारच नाही.

यातल्या गमती टाइप करताना मी कितीदा हसून थांबले असेन. पंतांनी चौकशी नेहमी सकाळी ठेवायला सुरुवात केली, कारण दुपारी जेवणानंतर बिअर पोटात गेली की गावात नवनवे रिवाज निघायचे. एका गावात दहाच्या दहा जणांनी वय ऐंशीच्या वर सांगितलं, त्यातल्या एकाची आई त्याला जेवायला हाक मारायला आली होती. आणि पंतांचा एक हट्ट मला फार आवडला. न्यायालयाचं काम फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चाले. पण लोकांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच बोलीत लिहिणार, असं त्याने वरिष्ठांना ठणकावलं. नाही तर त्यांनी काय सांगितलं ते मला कळेल, पण त्यांना कधीच कळणार नाही. हे वाक्य मी टाइप केलं, वाचून दाखवलं आणि म्हटलं, वा, पंत म्हणजे फार मोठा माणूस. मार्टेनसाहेबांनी माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

आता त्याच दिवशी सकाळी मी काय केलं होतं ते सांगते.

आमच्या साइटवर काँक्रीटच्या गँगचे फोरमन होते इब्राहिमभाई. खेडकडचे, पन्नाशी उलटलेले, बावीस वर्षं आखाती देशांत काढलेले. नजमा वस्तीतल्या एका खोलीत सात जणांबरोबर राहायचे आणि पहाटे कंपनीच्या बसने साइटवर यायचे. हिंदी सगळ्यांशी बोलत, पण मला पाहिलं की लगेच मराठीवर येत, तेही त्यांच्या तिकडच्या. मला ते "नीलाबाय" म्हणत. सुट्टीवरून येताना माझ्यासाठी एक बाटली कोकमाचं आगळ आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, याला पन शिक्का मारा. घरी माझी मुलगी माझं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि साइटवर हे गृहस्थ मी मराठीत हसले तरी दोन वाक्यं जास्त बोलायचे.

त्या दिवशी प्रेक्षकांच्या गॅलरीखालचा मोठा स्लॅब टाकायचं काम पहाटे सुरू झालं. निम्मा स्लॅब झाल्यावर क्लायंटच्या इंजिनियरच्या लक्षात आलं की काँक्रीटच्या आत राहायचा एक पाइप बसवायचाच राहिलाय. त्याने दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. आमच्याकडे याचा अर्थ, थांबा. इब्राहिमभाईंनी पंप थांबवला. पाइप शोधून आणेपर्यंत ऊन चढलं, टाकलेलं काँक्रीट घट्ट झालं, आणि नवं जुन्याला नीट धरेना. असा सांधा राहिला की तो भाग फोडून पुन्हा करावा लागतो. महिनाभराचं काम गेलं.

अशा तोंडी हुकमासाठी एक फॉर्म असतो. ज्याला हुकूम मिळाला त्याने तो त्यावर इंग्रजीत लिहून आमच्याकडे द्यायचा, आम्ही नंबर घालून क्लायंटला पाठवायचा. म्हणजे उद्या कोणी "मी असं बोललोच नाही" म्हणू नये. इब्राहिमभाई अकराच्या सुमाराला खिडकीशी आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. हातात काँक्रीटच्या ट्रकबरोबर येते ती पावती, तिच्या मागे बॉलपेनने लिहिलेलं. माझ्यासमोर तेव्हा चार इंजिनियर ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन उभे होते आणि साडेअकराच्या आत सगळं संपवायचं होतं. मी पावती उलटी केली. देवनागरी अक्षरं दिसली. मी म्हटलं, इब्राहिमभाई, असं नाही चालत, फॉर्मवर, इंग्रजीत लिहून आणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पावती घडी करून खिशात ठेवली आणि गेले. शिक्कासुद्धा मारला नाही मी, कारण तो कागद माझ्या हिशेबी कागदच नव्हता. अर्ध्या तासाने मी आद्रियानपंतांच्या भाषाप्रेमाचं कौतुक करत कॉफी पीत होते.

फॉर्म काही आला नाही. मीही विसरून गेले.

तीन आठवड्यांनी स्लॅब फोडायचे हातोडे सुरू झाले आणि त्याबरोबर दोषी शोधायचं कामही. क्लायंटचा तो इंजिनियर दरम्यान आपल्या देशी निघून गेला होता. त्याला मेल केली तर उत्तर आलं की त्याला असं काही आठवत नाही. असं न आठवणं हा आमच्या धंद्यातला फार जुना आजार आहे. आमच्या प्रोजेक्ट डायरेक्टरना सोपा मार्ग दिसला. फोरमनने स्वतःच्या मनाने काम थांबवलं असं लिहायचं, त्याला काढायचं, व्हिसा कॅन्सल करून आठवड्याभरात विमानात बसवायचं. क्लायंटलाही शांत वाटेल. इब्राहिमभाईंना आणखी दोनच वर्षं काढून आपल्या पायांनी घरी जायचं होतं. मार्टेनसाहेबांशी बोलताना ते एवढंच म्हणाले की साहेब, घरी पाठवा, पण काढला म्हणून पाठवू नका. बावीस वर्षांत मला कोणी काढलेलं नाही.

मार्टेनसाहेबांनी मला विचारलं, त्या दिवशीचा तोंडी हुकमाचा फॉर्म आहे का. मी रजिस्टर उघडलं, पानावर बोट फिरवलं आणि म्हटलं, नोंद नाही. आणि हे म्हणता म्हणता मला ती घामाने ओलसर झालेली पावती आठवली. मी गप्प बसले. नोंद नाही हे खरंच होतं ना. घरी जाऊन यजमानांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाईंना विचारलं गेलं की तुम्ही लिहून का दिलं नाही, तर ते म्हणाले, इंग्रजी लिहिता येत नाही, राहून गेलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते घेतलं असतं तर मला एवढी लाज वाटली नसती.

त्याच दुपारी, बंदीच्या वेळात, मार्टेनसाहेबांनी मला चरित्रातलं उरलेलं एक प्रकरण सांगितलं. एका गावात विधवेचा प्रश्न आला. नवरा मेल्यावर चुलीजवळची खोली मरेपर्यंत तिची, असा गावचा रिवाज. पंतांसमोर नऊ म्हाताऱ्यांनी एका तोंडाने तेच सांगितलं. दहावा आजारी म्हणून आला नाही. पंतांनी नियमाप्रमाणे लिहिलं, रिवाज सिद्ध झाला नाही. दिरांनी बाईला घराबाहेर काढलं. मी टाइप करता करता म्हटलं की नियम म्हणजे नियम, त्यात पंतांची काय चूक. मार्टेनसाहेब म्हणाले, त्यालाही वीस वर्षं तसंच वाटत होतं. पुढे धर्माच्या दंगली झाल्या. एका पक्षाने त्याला राजाचा माणूस म्हणून लुटलं, दुसऱ्याने पाखंड्यांचा मित्र म्हणून लुटलं. रिवाजांची वही त्याने खारवलेल्या माशांच्या पिंपात लपवली म्हणून वाचली, तिला म्हणे अजून वास येतो. सगळं शांत झाल्यावर, साठी उलटलेला, गुडघे गेलेला हा माणूस कोणी न सांगता त्या गावी गेला. बाईबद्दल विचारलं. ती कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी टाइप करायची थांबले. मार्टेनसाहेबांना वाटलं मी हसते आहे.

इब्राहिमभाईंना काढण्याआधी डायरेक्टर आणि क्लायंटसमोर एक चौकशी व्हायची होती. तिच्यासाठी मार्टेनसाहेबांनी जो बेत केला होता तो अर्थातच पंतांकडून उचललेला. कागद नाही तर नाही, पण या साइटचा रिवाज काय आहे ते सिद्ध करू. दहा माणसं बसवू. साइटवरची नऊ त्यांना मिळाली. दहावं माणूस त्यांना ऑफिसातलं हवं होतं, कारण हात दिसले की काम थांबतं हे साइटवरचे सांगतील, पण त्यानंतर कागद ऑफिसात येतो हे ऑफिसनेच सांगायला हवं. त्यांनी मला सहज विचारलं, तुमच्या हाताखालच्या तिघांपैकी कोणाला पाठवू?

मी म्हटलं, मलाच पाठवा. आणि पावतीची सगळी गोष्ट सांगितली.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मी काय सांगितलं होतं ते मलाही कळत होतं. आमचे सगळे क्लेम माझ्या रजिस्टरवर उभे होते. रजिस्टर ठेवणारी बाई कागद न नोंदता परत करते असं एकदा क्लायंटला कळलं की ते प्रत्येक भांडणात विचारणार, आणखी किती परत केले? माझी नोकरी जाईल का हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. शेवटी ते म्हणाले, "आद्रियानने नऊ मोजले, मिसेस नीला. दहाव्याच्या घरी जाऊन तो कधी बसला नाही. चला."

चौकशी सकाळी ठेवली होती. बिअरचा प्रश्न नव्हता, पण मार्टेनसाहेबांनी पद्धत सोडली नाही. टेबलाच्या एका बाजूला आमचे डायरेक्टर, दुसऱ्या बाजूला क्लायंटचे प्रतिनिधी. ते कतारी गृहस्थ होते, सगळे त्यांना अबू खालिद म्हणत. शांत माणूस, हातात जपमाळ. डायरेक्टर म्हणाले हा काय तमाशा आहे. अबू खालिद म्हणाले, तमाशा नाही, चार जाणत्या माणसांना विचारणं आमच्याकडेही आहे, बोलू द्या.

नऊ जण पँट्रीत जाऊन बसले. नेपाळी, बंगाली, केरळचे दोघे, बिहारचा क्रेन ऑपरेटर. आतून बराच वेळ चहाच्या कपांचा आवाज येत होता. मग पंप चालवणारे थापाजी बाहेर आले आणि सगळ्यांच्या वतीने म्हणाले, "साब दोनों हाथ ऐसे करता है, तो हम बंद करता है. हमेशा. पूछता नहीं. कागज बाद में जाता है." बाकी आठ जणांनी माना हलवल्या. दोघांनी हातांची फुली करूनही दाखवली.

मग मी. मी म्हटलं, खरं आहे, कागद नंतर माझ्याकडे येतो. त्या दिवशीही आला होता. फोरमन स्वतः घेऊन आला होता आणि मी तो परत केला, कारण तो फॉर्मवर नव्हता आणि इंग्रजीत नव्हता, आमच्या मराठीत होता.

डायरेक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. मी तो पाहिला नाही. अबू खालिदनी जपमाळ टेबलावर ठेवली आणि विचारलं, त्या कागदावर काय लिहिलं होतं?

तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं की तो मराठीत होता आणि मला मराठी येतं. मी नुसतं म्हटलं असतं की इंजिनियरने थांबवलं असं लिहिलं होतं, तर ते खरंच निघालं असतं, आणि इब्राहिमभाई जागच्या जागी सुटले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. कोपऱ्यात ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी तो वाचला नाही."

अबू खालिदनी जपमाळ पुन्हा हातात घेतली. मग डायरेक्टरांकडे वळून त्यांनी सावकाश सांगितलं की ही बाई स्वतःचीच चूक सांगते आहे आणि त्यात एक शब्दही जास्तीचा घालत नाही, तेव्हा कागद आला होता हे मी धरतो. माणूस कामावर राहील. उशिराचं तुम्ही-आम्ही पत्राने भांडू. मार्टेनसाहेबांच्या डोळ्यांत एकदम चमक आली, कारण पत्राने भांडायचं म्हटल्यावर त्यांचा दिवसच सुरू झाला. अबू खालिद उठले, थापाजींना शुक्रन म्हणाले आणि गेले.

माझी नोकरी गेली नाही. लाल शिक्का गेला. तो डायरेक्टरांनी स्वतः माझ्या टेबलावरून उचलून ज्युनियरला दिला, आणि त्या मुलीने तो माझ्याहून जास्त जोरात चालवला. ते स्टेडियम पुढे वेळेत पूर्ण झालं. सामना बघायला मुलीला घेऊन गेले, तेव्हा ती खेळ बघत होती आणि मी गॅलरीखालचा स्लॅब कुठे असेल ते बघत होते. मार्टेनसाहेबांचं चरित्र छापून झालं. एक प्रत माझ्याकडे आहे, पुतण्यांनी त्यांच्या प्रती उघडल्यात का मला ठाऊक नाही. पण हे सगळं नंतरचं.

चौकशी संपल्यावर मी इब्राहिमभाईंना शोधत गेले. ते पाण्याच्या कूलरपाशी सावलीत उभे होते. मी माफी मागितली. नीट जमली नाही, अर्धी मराठीत, अर्धी ऑफिसच्या भाषेत झाली. मी म्हटलं, माझ्यामुळे तुम्ही एवढे दिवस हे भोगलंत, आणि आज सुद्धा मला तुमच्या बाजूने धड सांगता आलं नाही.

ते म्हणाले, "खरा बोललाव ता बरा झाला, नीलाबाय. तुमी खोटा बोलला असताव तर ते नऊ जन पन खोटे झाले असते."

मी विचारलं, ती पावती कुठे आहे? त्यांनी त्याच दिवशी फाडून टाकली होती. राग आला होता, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग मी विचारलं, काय लिहिलं होतंत त्यावर?

त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "काय नाय. लिवला होता, नीलाबाय, इंजिनियर सायबाने हात करून काम थांबवलान, पाइप ऱ्हायलाय. मना इंग्रजी येत नाय. तुमचा तो फॉर्म तेवढा तुमी भरून द्या."

त्या नोकरीत माझ्या हाताखालून किती कागद गेले त्याची गणती नाही. माझ्या भाषेत, मला उद्देशून लिहिलेला तो एकच होता.